विपश्यना शिबिर: दहा दिवस न बोलता, फोनशिवाय लोक नेमकं काय करतात? कोणी जावं, कोणी जाऊ नये?

समजा, तुम्हाला एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, डुलकी घ्यायची नाही. फक्त आपले विचार आणि आपण. सोपं वाटतं ना?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना खरोखर असं बसवून पाहिलं. हा प्रयोग २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या एका भागात खोलीत एक बटण होतं. ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. 'हा झटका टाळण्यासाठी आम्ही पैसेही मोजू,' असं या लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही त्या पंधरा मिनिटांत १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ महिलांनी ते बटण किमान एकदा दाबलं. नुसतं बसून राहण्यापेक्षा त्यांना झटका बरा वाटला.

आता याच्या अगदी उलटं चित्र पाहू. कसारा घाट चढून गेल्यावर नाशिक जिल्ह्यात इगतपुरी लागतं. तिथल्या 'धम्मगिरी' या केंद्रात लोक स्वतःहून अर्ज करतात, आपला फोन जमा करतात आणि दहा दिवस जवळपास न बोलता, डोळे मिटून बसतात. यात कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, आयटीतले कर्मचारी असतात आणि शेतकरीही.

'मला थोडी शांतता हवी आहे,' असं म्हणत या शिबिराची चौकशी करणारे अनेक जण असतात. पण तिथे नेमकं काय करतात, पैसे किती लागतात, कोणी जाऊ नये आणि दहा दिवस मिळतच नसतील तर काय करायचं, हे समजून घेऊ.

विपश्यना म्हणजे काय?

'विपस्सना' हा मूळ पाली शब्द. त्याचा अर्थ विशेष रीतीने पाहणं, म्हणजे एखादी गोष्ट जशी आहे तशी पाहणं. ही बौद्ध परंपरेतली ध्यानपद्धती आहे. जगात विपश्यना शिकवणाऱ्या अनेक परंपरा आहेत. महाराष्ट्रात 'विपश्यनेला जाऊन आलो' असं कोणी म्हटलं, तर बहुतेक वेळा ते सत्यनारायण गोयंका यांनी शिकवलेल्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल बोलत असतात. या लेखातही त्याच शिबिराची माहिती आहे.

या पद्धतीत मंत्र, जप, मूर्ती किंवा एखादं चित्र डोळ्यांसमोर आणणं यातलं काहीही नसतं. आधी श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मग शरीरात जाणवणाऱ्या संवेदनांकडे. संवेदना सुखद असो की त्रासदायक, तिच्यावर लगेच प्रतिक्रिया द्यायची नाही, हा या सगळ्या अभ्यासाचा गाभा.

ही पद्धत इगतपुरीत कशी आली?

सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली म्यानमारमधल्या (तेव्हाचा ब्रह्मदेश) मंडाले शहरात, एका भारतीय वंशाच्या व्यापारी कुटुंबात झाला. तरुण वयातच त्यांनी उद्योगात नाव कमावलं, पण त्यांना अर्धशिशीचा तीव्र त्रास होता. अनेक देशांतल्या डॉक्टरांना दाखवूनही गुण येईना. अखेर १९५५ साली ते रंगूनमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले.

ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ते संसारी गृहस्थ होते आणि ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. नोकरी सांभाळून ते ध्यान शिकवायचे. १९५२ साली त्यांनी रंगूनमध्ये ध्यानकेंद्र सुरू केलं. नोकरी-धंदा असलेल्या माणसाला थोड्या दिवसांत ही पद्धत शिकता यावी, याकडे त्यांचा कल होता.

गोयंका स्वतः एक आठवण सांगत. 'अर्धशिशी बरी करायला आलोय,' असं त्यांनी सांगितल्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना शिकवायला आधी नकार दिला होता. ध्यान हा डोकेदुखीवरचा इलाज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे गोयंका त्यांच्याकडे चौदा वर्षं शिकले.

१९६९ साली गोयंका भारतात आले. त्यांच्या आई आजारी होत्या आणि त्यांना ही पद्धत शिकवावी, हा एक हेतू होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत त्यांचं भारतातलं पहिलं शिबिर झालं. त्यात त्यांचे आई-वडील आणि इतर मोजकेच लोक होते. १९७६ साली इगतपुरीत धम्मगिरी सुरू झालं. आज पुणे, नागपूर, कोल्हापूर, नवी मुंबई अशा अनेक ठिकाणी केंद्रं आहेत आणि जगभरातही ही शिबिरं होतात. मुंबईजवळ गोराईला दिसणारा सोनेरी ग्लोबल विपश्यना पॅगोडा याच परंपरेचा. त्याचं उद्‌घाटन २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. गोयंका यांना २०१२ साली पद्मभूषण मिळालं आणि २०१३ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतरही शिबिरं त्याच पद्धतीने चालतात. सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहेत. शिबिरात हजर असलेले सहायक आचार्य शंकांना उत्तरं देतात.

शिबिरातला दिवस कसा जातो?

जगभरातल्या शिबिरांचं वेळापत्रक जवळपास सारखंच असतं.

• पहाटे ४:०० – उठण्याची घंटा
• ४:३० ते ६:३० – ध्यान
• ६:३० ते ८:०० – नाश्ता, आंघोळ
• ८:०० ते ९:०० – सामूहिक ध्यान
• ९:०० ते ११:०० – ध्यान
• ११:०० ते १:०० – जेवण, विश्रांती, आचार्यांना शंका विचारण्याची वेळ
• १:०० ते ५:०० – ध्यान (यात २:३० ते ३:३० सामूहिक)
• ५:०० ते ६:०० – चहा आणि थोडं खाणं
• ६:०० ते ७:०० – सामूहिक ध्यान
• ७:०० ते ८:१५ – प्रवचन
• ८:१५ ते ९:०० – ध्यान
• ९:३० – दिवे बंद

म्हणजे दिवसाला दहा तासांहून जास्त वेळ बसणं. जेवण साधं आणि शाकाहारी असतं. रात्रीचं जेवण नसतं. नव्या साधकांना संध्याकाळी चहा-दूध आणि फळ किंवा कुरमुऱ्यांसारखं काहीतरी हलकं मिळतं. आधी शिबिर केलेल्यांना दुपारी बारानंतर काही खाता येत नाही, ते लिंबूपाण्यावर राहतात.

बसायला आसन आणि उशा मिळतात. गुडघे किंवा पाठ दुखत असेल, तर खुर्ची मागता येते. मांडी घालता येत नाही म्हणून जाता येणार नाही, असा गैरसमज करून घेऊ नका.

पहिले तीन दिवस फक्त श्वास कशासाठी?

शिबिराची सुरुवात आनापान या अभ्यासाने होते. नाकातून आत येणारा आणि बाहेर जाणारा नैसर्गिक श्वास जाणायचा, एवढंच काम. श्वास मोठा करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. प्राणायामात आपण श्वासाला वळण लावतो. इथे तो जसा आहे तसाच राहू द्यायचा असतो.

पहिल्या तासातच एक गोष्ट कळते. लक्ष दोन-चार श्वासांपुरतंच टिकतं. मग ऑफिसमधलं भांडण आठवतं, एखादं जुनं गाणं डोक्यात वाजायला लागतं, 'घरी गॅस बंद केला होता ना?' ही शंका येते. अनेकांना वाटतं, आपल्यालाच हे जमत नाही. खरं तर मनाचं भटकणं ही सगळ्यांचीच गोष्ट आहे. हार्वर्ड विद्यापीठातले मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली सुमारे २,२५० प्रौढांची दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मोबाइलवरून विचारपूस केली. त्यात जवळपास ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामाऐवजी दुसरीकडेच होतं.

म्हणून आनापानात मन भटकणं ही चूक धरत नाहीत. ते भटकलंय हे लक्षात येणं आणि चिडचिड न करता पुन्हा श्वासावर येणं, हाच सराव असतो. शिबिरात तो दिवसातून शेकडो वेळा होतो. हळूहळू लक्ष देण्याची जागा लहान करत नेतात. नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या वरचा भाग, एवढ्याच जागेवर काय जाणवतंय ते पाहायचं. लक्ष धारदार व्हावं, हा हेतू.

चौथ्या दिवशी काय बदलतं?

चौथ्या दिवशी प्रत्यक्ष विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायांपर्यंत शरीराच्या एकेका भागावर लक्ष न्यायचं आणि तिथे काय जाणवतंय ते पाहायचं. उष्णता, खाज, मुंग्या, दुखणं, स्पंदन, कपड्याचा स्पर्श, काहीही.

इथून पुढे रोज तीन वेळा एक-एक तास शक्यतो न हलता बसायला सांगतात. याला 'अधिष्ठान' म्हणतात. विसाव्या मिनिटाला गुडघा ठणकायला लागतो. एरवी आपण क्षणात पाय मोकळा केला असता. इथे ते दुखणं नुसतं पाहायचं असतं. पाहता पाहता दिसतं की दुखणं एकसारखं नाही. ते वाढतं, कमी होतं, जागा बदलतं. प्रत्येक संवेदना येते आणि जाते. यालाच 'अनित्य' म्हणतात, पालीत 'अनिच्च'.

याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय? या परंपरेचं म्हणणं असं की, राग किंवा हाव आधी शरीरात जाणवते. कोणी टोचून बोललं की छाती धडधडते, कान तापतात. त्या क्षणी आपण शब्दांपेक्षा त्या तापलेल्या अवस्थेला उत्तर देत असतो. ती संवेदना वेळेवर लक्षात आली, तर उलट उत्तर देण्याआधी एखादा क्षण मिळतो. सोशल मीडियावर एखादी भडक कमेंट वाचून तावातावाने टाइप करणाऱ्या कोणालाही त्या एका क्षणाची किंमत कळेल.

हे दिवस सोपे नसतात. दुसरा आणि सहावा दिवस विशेष जड जातो, असा अनेकांचा अनुभव. जुन्या आठवणी वर येतात, काहींना रडू येतं, काहींना बॅग भरून निघून जावंसं वाटतं. शांतता मिळेल म्हणून गेलेल्या माणसाला आधी स्वतःच्याच डोक्यातला गोंगाट स्पष्ट ऐकू येतो. हे माहीत नसेल, तर 'आपल्याला त्रासच वाढलाय' असं वाटून धक्का बसू शकतो.

मौन किती कडक असतं?

शिबिराचं मौन 'आर्य मौन' म्हणून ओळखलं जातं. इतर साधकांशी बोलायचं नाहीच, पण खाणाखुणा करायच्या नाहीत, चिठ्ठ्या द्यायच्या नाहीत, नजरेनेही संवाद टाळायचा. वाचन, लेखन, संगीत, व्यायामप्रकार, घरचा पूजापाठ, जपमाळ हे सगळं दहा दिवस बाजूला. पुरुष आणि महिलांची राहण्याची, जेवणाची व्यवस्था वेगळी असते.

मात्र मौन म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे. ध्यानाबद्दल शंका असेल तर आचार्यांशी बोलता येतं. तब्येत, खोली, पांघरूण अशा अडचणींसाठी धम्मसेवकांशी बोलता येतं. घरी काही तातडीचं घडलं, तर केंद्राच्या कार्यालयामार्फत निरोप पोहोचतो. म्हणून निघण्याआधी केंद्राचा क्रमांक घरच्यांना देऊन ठेवायला हवा.

मौनासोबत पाच शीलंही पाळायची असतात: हिंसा नाही, चोरी नाही, लैंगिक संबंध नाही, खोटं बोलणं नाही, नशा नाही. दहाव्या दिवशी सकाळी 'मंगल मैत्री' शिकवतात आणि मौन सुटतं. दहा दिवस शेजारी बसलेल्या माणसाचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळतं. अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपतं. म्हणजे पोहोचण्याचा दिवस धरून सुट्टी बारा दिवसांची लागते.

पैसे किती लागतात?

शिबिराची फी नाही. राहण्याचे आणि जेवणाचेही पैसे घेत नाहीत. खर्च दानातून चालतो आणि दान फक्त अशा लोकांकडून घेतलं जातं ज्यांनी किमान एक शिबिर पूर्ण केलंय. नवा साधक द्यायचं म्हणाला, तरी शिबिर संपायच्या आत त्याच्याकडून दान घेत नाहीत. स्वयंपाक आणि व्यवस्थेतही आधी शिबिर केलेले अनेक जण विनामोबदला सेवा देतात.

याचा अर्थ असा की, तुम्ही तिथे जे दहा दिवस बसता त्यांचा खर्च तुमच्याआधी येऊन गेलेल्या कोणीतरी दिलेला असतो.

अर्ज संस्थेच्या संकेतस्थळावर करता येतो. काही केंद्रांत जागा लवकर भरतात, म्हणून आधीपासून तारखा पाहाव्यात. अर्ज मंजूर झाल्याचा निरोप आल्याशिवाय थेट केंद्रावर जाऊन उभं राहू नये.

त्यासाठी धर्म बदलावा लागतो का?

नाही. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, जैन, नास्तिक, सगळेच येतात. गोयंका ही पद्धत कोणत्याही संप्रदायाची नाही, असं सांगत. मात्र तिचा उगम बुद्धाच्या शिकवणीत आहे. प्रवचनांत बुद्धाच्या गोष्टी येतात आणि पाली वचनं कानावर पडतात. हे माहीत असून गेलेलं बरं.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आज इथल्या बौद्ध समाजातले अनेक जण विपश्यना करतात. त्याच वेळी काही आंबेडकरवादी अभ्यासक आणि कार्यकर्ते एक प्रश्नही विचारतात. दुःखाचं कारण फक्त मनात शोधलं, तर बाहेरच्या अन्यायाचं काय? ध्यान करणाऱ्यांनीही हा प्रश्न लक्षात ठेवायला हवा. पगार थकला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर श्वास पाहून ती थांबत नाही. तिथे तक्रार आणि मदतच हवी.

विज्ञान काय म्हणतं?

ध्यानाबद्दल सोशल मीडियावर मोठमोठे दावे फिरतात. प्रत्यक्ष पुरावा त्यापेक्षा मोजका आहे. २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३,५१५ जण सहभागी होते. सजगता ध्यानाच्या कार्यक्रमांमुळे चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या प्रमाणात कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा त्यात मिळाला. पण औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान वरचढ आहे, असं दिसलं नाही.

हे कार्यक्रम दहा दिवसांच्या निवासी शिबिरासारखे नसतात, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांतला सर्वांत माहितीतला कार्यक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केला. तो आठ आठवडे चालतो आणि माणूस घरी राहूनच तो करतो. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कोणी जाऊ नये?

शिबिराची जाहिरात मित्रांच्या तोंडून होते आणि मित्र सहसा चांगलंच सांगतात. त्यामुळे हा भाग नीट वाचा.

दीर्घकाळ, तीव्र ध्यान करणाऱ्या काही लोकांना भीती, झोप उडणं, भास होणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातले संशोधक जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ साली अशा अनुभवांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा त्रास थोड्या वेळात ओसरला, काहींना तो बराच काळ पुरला.

संस्थाही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर करू नका, असंच सांगते. अर्जात शारीरिक आणि मानसिक आजार, उपचार आणि औषधं यांची माहिती विचारलेली असते. प्रवेश नाकारतील या भीतीने ही माहिती लपवण्याचा मोह काहींना होतो. तो टाळा. खालीलपैकी काही लागू होत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात सगळं खरं लिहा:

• स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्य असेल किंवा पूर्वी होऊन गेलं असेल
• आत्महत्येचे विचार येत असतील
• नुकताच मोठा आघात किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू झाला असेल
• झोपेची, मनोविकारावरची किंवा फिट्सची औषधं सुरू असतील
• दारू किंवा इतर व्यसन सोडण्याचे पहिले दिवस असतील

शिबिरासाठी मनाने औषधं बंद करणं धोक्याचं आहे. 'ध्यानाने बरा होईल' म्हणून घरच्यांनी आजारी माणसाला बळजबरीने पाठवणंही तितकंच धोक्याचं. ऊ बा खिन यांनी अर्धशिशीवाल्या गोयंकांना आधी का परत पाठवलं होतं, ते इथे आठवावं. आत्ता मनाचा त्रास असह्य होत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकावर बोलता येतं. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतूनही मिळते.

बारा दिवसांची सुट्टी कोणाला मिळते?

शिबिर मोफत असलं, तरी बारा दिवस मोकळे करणं प्रत्येकाला परवडत नाही. रोजंदारीवरच्या माणसाची बारा दिवसांची मजुरी बुडते. डिलिव्हरी करणाऱ्याचं त्या दिवसांचं उत्पन्न जातं. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू घरी असलेल्या बाईने बारा दिवस कुठे जायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो, 'मग घरचं कोण बघणार?' महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची तरतूद आहे, तिच्या अटी आपल्या आस्थापना शाखेत विचारून घ्याव्यात. बहुतेकांच्या नशिबी मात्र अशी रजा नसते.

ही अडचण नवी नाही. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी लेणी पाहा. शंभरहून अधिक लेण्यांत भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या, बसायला दगडी ओटे आणि पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत. पावसाळ्यात भिक्षू एका जागी मुक्काम करत, त्याला वर्षावास म्हणतात. हा एकांत वस्तीपासून अगदी तुटलेला नव्हता. कान्हेरी, कार्ले, भाजे या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि गृहस्थांची नावं कोरलेली आहेत. कोणाला तरी शांत बसता यावं, म्हणून दुसऱ्या कोणीतरी पाण्याची टाकी खोदायचा खर्च उचलला होता.

इगतपुरीतही तेच होतं. स्वयंपाक दुसरा करतो, घंटा दुसरा वाजवतो, फोन दुसरा सांभाळतो आणि म्हणून साधक डोळे मिटून बसू शकतो. घरी शांत वेळ मिळत नाही, तेव्हा अनेक जण स्वतःला आळशी म्हणून दोष देतात. खरी अडचण अनेकदा ही असते की, तो वेळ मोकळा करून द्यायला घरात कोणी नसतं.

घरच्या घरी काय करता येईल?

विपश्यनेचा पूर्ण अभ्यास शिबिरातच शिकावा, असं संस्था सांगते. श्वास पाहण्याची सुरुवात मात्र कोणालाही, कुठेही करता येते. राज्यातल्या शाळांमध्येही 'मित्र उपक्रम' या नावाने मुलांना आनापान शिकवलं गेलंय.

सुरुवात दहा मिनिटांपासून करा. खुर्चीत किंवा जमिनीवर पाठ ताठ ठेवून बसा, डोळे मिटा आणि नाकाशी श्वासाचा स्पर्श कुठे जाणवतो ते पाहा. मन गेलं की परत या. दहा मिनिटांत पन्नास वेळा परत यावं लागलं, तरी सराव नीट चाललाय असंच समजा. बसल्यावर घाबरल्यासारखं होत असेल तर डोळे उघडा, उठून चाला. बळजबरी करू नका.

खरी मेहनत आहे ती वेळ राखून ठेवण्यात. त्यासाठी काही साध्या गोष्टी:

• वेळ घरात जाहीर करा. 'सकाळी साडेसहा ते पावणेसात मला हाक मारू नका,' हे एकदा स्पष्ट सांगितलं की लपून बसावं लागत नाही.
• अदलाबदल करा. नवऱ्याने सकाळी दहा मिनिटं मुलाला सांभाळलं, तर बायकोला बसता येईल. संध्याकाळी उलट. घरात एकाचाच एकांत सांभाळला जात असेल, तर दुसऱ्याचं काम वाढतंय हे ओळखा.
• फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ पाहायला साधं गजराचं घड्याळ घ्या. ध्यानाचं अॅप उघडायला गेलेला हात व्हॉट्सअॅपवर कधी पोहोचतो, कळत नाही.
• जागा लहान असेल तर वेळ शोधा. वन-रूम किचनमध्ये वेगळी खोली नसते, पण पाणी येण्याआधीची पहाट असते, दुपारची गॅलरी असते, इमारतीची गच्ची असते.
• आवाज पूर्ण थांबण्याची वाट पाहू नका. कुकरची शिट्टी आणि शेजारचा टीव्ही चालूच राहणार. आवाज ऐकू आला की तो ऐकू आला, एवढंच नोंदवा आणि श्वासाकडे या.

शिबिर करून आलेल्यांना रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. अनेकांचं ते पहिल्या काही आठवड्यांतच सुटतं. 'सेपियन्स'चे लेखक युवाल नोआ हरारी यांनी २००० साली गोयंकांच्या परंपरेतलं पहिलं शिबिर केलं. तेव्हापासून आपण रोज दोन तास बसतो, असं ते सांगतात. त्यांनी 'होमो डेउस' हे पुस्तक गोयंकांना अर्पण केलंय. इतका वेळ सगळ्यांना मिळणार नाही. ज्यांना मिळत नाही त्यांनी तासाचा हट्ट सोडून दहा मिनिटं टिकवावीत.

मग जायचं की नाही?

तब्येत ठीक असेल, बारा दिवसांची सोय लागत असेल आणि कष्टाची तयारी असेल, तर हे शिबिर एकदा करून पाहण्यासारखं आहे. इगतपुरीला हवापालट म्हणून जायचं असेल, तर पावसाळ्यात भावली धरण पाहून यावं, शिबिराला जाऊ नये. मनाच्या आजारावर उपचार म्हणून जायचं असेल, तर आधी डॉक्टर.

आणि सोय लागत नसेल, तर आज घरात एवढंच विचारून बघा: 'रोज दहा मिनिटं मला कोण देईल, आणि त्याबदल्यात मी कोणाला दहा मिनिटं देऊ?'